तू ठेव आधी

आमच्या स्टुटगार्टबाहेरच्या गावांत शनिवारी संध्याकाळी काऊबॉय निघतात. पुण्यात हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात, पण खोटं सांगत नाही. आठवडाभर गिअरबॉक्स जुळवणारे, रिटायरमेंटला टेकलेले बाप्ये झालरीची जॅकेटं चढवतात, त्यांच्या बायका टाचांचे बूट घालतात, आणि फेराइनच्या, म्हणजे त्यांच्या मंडळाच्या, लाकडी हॉलमध्ये रांगा करून नाचतात. भिंतीवर रंगवलेला निवडुंग. घोड्यावर यातलं कुणी जन्मात बसलेलं नाही. या लोकांसाठी मी दहा-बारा वर्षं कंट्री गाणी लिहिली, तीही जर्मनमध्ये. हसा, खुशाल हसा. माझी गाणी रेडिओवर लागली, पार हॅम्बर्गपर्यंत लोक त्यांवर नाचले. ती माझी आहेत हे मात्र त्या हॉलमध्येसुद्धा कुणाला ठाऊक नाही.

गाणी लिहायला मी शिकले ते उखाण्यांतून. सांगलीत लग्नाआधीपासून माझी ती ख्याती होती. कुणाचं लग्न असो, कुणाचं डोहाळजेवण असो, आमच्या घरी निरोप यायचा, "हिला सांगा, एक फक्कड उखाणा करून दे." नवऱ्याचं नाव सांगायचं, तो काय करतो ते सांगायचं, आणि कांदा परतून होईतो मी दोन ओळी बसवून द्यायचे. मग ती नवरी लाजत लाजत त्या म्हणायची, टाळ्या पडायच्या, आणि मी पंगतीत बसून जिलबी खायचे. हा केला कुणी, असं कुणी विचारत नाही. विचारायचं नसतंच. उखाण्यात नाव एकच, नवऱ्याचं. करणारीच्या नावाचं काय लोणचं घालायचंय? मलाही त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही.

तसं माझ्या नावाचीही एक भानगडच आहे. लग्नात सासरच्यांनी ते बदललं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, झालं. पासपोर्टवर तेच, इथल्या दारावरच्या पाटीवर तेच. आईने पाळण्यात ठेवलेलं नाव फक्त आईच्याच तोंडी उरलं. रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. त्या नावाने हाक आली की मी हातातलं काम टाकून खुर्चीत बसायचे.

आमच्या घरची एक शिस्त होती. समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही, ते बरं दिसत नाही. शिकवण आईचीच. आता दोघीही त्याच शिस्तीतल्या म्हटल्यावर फोन संपणार कसा?

"तू ठेव आधी."

"नाही, तू ठेव."

"अगं, तुझं बिल चढत असेल."

"व्हॉट्सअॅपला बिल नसतं गं आई."

"मग तर मुळीच नको ठेवूस!"

शेवटी एक-दोन-तीन म्हणून दोघी मिळून ठेवायचो. तीन म्हटल्यावरही ती कानाला लावूनच बसलेली असायची, हे मला माहीत होतं. कारण मीही तशीच बसलेली असायचे.

कंट्रीत मी शिरले ती खांद्यामुळे. खांदा आखडला म्हणून फिजिओकडे जात होते. ती फिजिओ माझा हात पिरगाळताना गुणगुणायची. माझ्याच वयाची, लांब सोनेरी वेणी, आणि आवाज असा की दुखणं विसरावं. शनिवारी ती फेराइनच्या बँडमध्ये गायची. म्हणाली, "नाचायला ये, खांदा मोकळा होईल." गेले. अमेरिकन गाणी चालली होती. मी शब्द ऐकले आणि म्हटलं, अगंबाई, हे तर आपलंच! आधी डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू: ट्रक, पाऊस, रिकामी खुर्ची. मग यमक. आणि खरं सांगायचं ते शेवटच्या ओळीत. उखाण्यात तरी दुसरं काय असतं? चांदीचं ताट, त्यात मोगऱ्याची फुलं, आणि शेवटी नाव.

तिचा मित्र ट्रक चालवायचा. कॉफीच्या वेळी तो दारातून चिखलाचे बूट घेऊन आत आला, आणि मला राहवेना. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी त्याच्यावर एक उखाणा जोडला. मराठीत सांगायचा तर असा:

थर्मासमध्ये गार कॉफी, आरशाला लटकतो घोडा,
आठवड्याने घरी आलात, बूट तरी बाहेर सोडा!

अख्खा हॉल हसला. माझी डेर, डी, डास ही जर्मन आर्टिकल्स सगळी चुकली होती, ती आजही चुकतात. तिने तेवढी सुधारली, गिटारवाल्याने चाल लावली, आणि पुढच्या शनिवारी त्यात आणखी कडवी घालून त्याचं गाणं झालं. तिने मला विचारलंसुद्धा, "हे मी गाऊ? तुझं आहे ना?" खोटं का बोला, विचारलं होतं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "आमच्याकडे मागितलं की द्यायचं असतं. असल्या ओळींना मालक नसतो."

"किती सुंदर!" ती म्हणाली.

सुंदर! कपाळ माझं. सांगलीच्या मांडवातला रिवाज मी जर्मनीत नेऊन मांडला. इथे लोक शेजाऱ्याच्या कुंपणाबाहेर आलेलं सफरचंदसुद्धा विचारून उचलतात, आणि एकदा 'घे' म्हटलं की ते कायमचं त्यांचं होतं. हे मला कुणी सांगितलं असतं तर!

पण सुरुवातीची वर्षं मजेची होती, तेही सांगायला हवं. नवरा ऑफिसला गेला, लेक शाळेत गेली, की मी भाजी चिरता चिरता ओळी पुटपुटायचे. संध्याकाळी ती फिजिओ माझ्या स्वयंपाकघरात यायची, मी म्हणायचे, ती आर्टिकल्स नीट करायची. शेजारच्या म्हाताऱ्याच्या कचऱ्याच्या डब्यांवरून गाणं केलं, एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, रोज समोर बसणाऱ्या आणि कधीही न बोलणाऱ्या माणसावर केलं. ती स्टेजवरून म्हणायची, "आर्टिकल्स माझी, बाकी सगळं माझ्या भारतीय मैत्रिणीचं." लोक हसायचे. मग ते झालं, "आम्ही दोघींनी मिळून लिहिलं." मग कधीतरी "मी आणि एका मैत्रिणीने." रेडिओवर पहिलं गाणं लागलं तेव्हा निवेदकाने गीत, संगीत, आवाज, सगळ्याला तिचंच नाव घेतलं. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, ऐकलंत?" तो म्हणाला, "जाऊ दे ना, हॉबी आहे तुझी. खांदा बरा झाला ना?" गेनाऊ, अगदी बरोबर. खांदा बरा झाला.

खरंच, मी जाऊ दिलं. कचऱ्याचे डबे, एस-बान, ट्रकवाला, सगळं तुला लखलाभ.

मग आई गेली.

माझ्या व्हिसाचं कार्ड संपलं होतं आणि नव्यासाठी टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळत नव्हती. इथे टेर्मिनशिवाय पान हलत नाही. मी निघाले असते तर परत यायची खात्री नव्हती, आणि लेकीची परीक्षा तोंडावर. भावाने व्हिडिओ कॉल लावला. ज्या फोनवर आई रविवारी बोलायची, त्याच फोनवर मी तिला जाताना पाहिलं. शेजारची कुणीतरी बाई भावाला म्हणाली, "आता बंद कर रे ते," आणि पडदा काळा झाला. मला ओरडायचं होतं, थांबा, एक-दोन-तीन म्हणायचं राहिलं. पण कुणाला ओरडणार?

तेराव्याला तिकडे पानं वाढली गेली. इथे वाढायचं कुणाला? मी आईच्या आवडीची पुरणपोळी केली, ती तशीच ताटात ठेवली, आणि ओट्याशी उभ्याउभ्या गाणं लिहिलं. 'तू ठेव आधी.' रविवारची सकाळ, हाताला लागलेलं पीठ, दोन बायका आणि फोन ठेवायला कुणीच तयार नाही. शेवटच्या कडव्यात एवढंच की या वेळी तिनेच आधी ठेवला, न सांगता, आणि मी अजून कानाला लावून बसले आहे. चालही माझीच. आई पोळ्या लाटताना जी गुणगुणायची, तीच.

संध्याकाळी ती फिजिओ आली. मी गाऊन दाखवलं. ती ढसाढसा रडली, मला मिठीत घेऊन बसली, माझ्या घरची थंड पुरणपोळी खाल्ली. मग डोळे पुसून दोन आर्टिकल्स सुधारली. तेव्हा तिच्या मनात काही काळंबेरं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

पण ते गाणं उचललं लोकांनी. असं उचललं की बाकीची सगळी मागे पडली. लाइन डान्सच्या मंडळांनी त्यावर स्टेप्स बसवल्या. म्हणजे माझ्या आईच्या मरणावर लोक टाच-चवडा, टाच-चवडा करत होते. त्याचंही काही नाही, रडत रडत नाचत होते बिचारे. एकदा उन्हाळ्यात एका गावच्या जत्रेत मी प्रेक्षकांत बटाट्याचं सॅलड घेऊन बसले होते. ती स्टेजवर आली, टोपी काढून छातीशी धरली आणि म्हणाली, "हे गाणं मी माझ्या मुट्टीसाठी लिहिलं."

तिची मुट्टी, म्हणजे आई, पहिल्याच रांगेत बसली होती. धडधाकट. हातात बिअर. तिने उठून लोकांना हात केला!

माझ्या हातातला काटा खाली पडला. शेजारी माझी लेक होती, पंधरा-सोळा वर्षांची, मराठी कळतं पण उत्तर जर्मनमध्ये देणारी. डोळे पुसत ती जर्मनमध्ये म्हणाली, "किती खरं वाटतं ना ती गाते तेव्हा." मी म्हटलं, "अगं, ते आजीचं गाणं आहे. मी लिहिलंय." ती गोंधळून म्हणाली, "हो, पण तू तिला मदत केलीस ना फक्त?"

दुसऱ्याच दिवशी मी त्या फिजिओला दवाखान्यात गाठलं. म्हटलं, बाकीची सगळी गाणी तुझी. तुझी म्हणून मिरव, मी तोंड उघडणार नाही. हे एक गाणं माझ्या आईचं आहे. ते गाताना स्टेजवरून माझं नाव घे. बास. पैसा नको, काही नको. आणि नाव कुठलं, तर आईने ठेवलेलं ते. मी तिला ते दोनदा म्हणून दाखवलं.

"हे कुणाचं?" ती म्हणाली. "तुझ्या दारावर तर दुसरंच आहे."

मग तांदूळ, अंगठी, सगळं सांगितलं. ती उठून उभीच राहिली. गाल लाल झाले तिचे. "तुझं नाव काढून घेतलं? आणि तू गप्प बसलीस? हे भयंकर आहे!"

म्हणणारी कोण, तर ही! मला हसावं की तिच्या झिंज्या उपटाव्या कळेना. पण तिला कळलं असावं काहीतरी, कारण मग ती खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आल्झो, बरं, नोव्हेंबरात फेराइनचा मोठा कार्यक्रम आहे. तिथे घेते. शब्द देते." पुढचे कितीतरी दिवस ती माझ्या मागे लागून ते नाव घोकत होती. त्यातला 'ळ' काही तिच्या जिभेला वळेना. मी म्हटलं, वळला नाही तर नाही, 'ल' म्हण, आई काही रागावणार नाही.

दिवाळीला सासूबाई आल्या होत्या. सासऱ्यांना विमानाची भीती, म्हणून एकट्याच. त्यांना, नवऱ्याला, लेकीला, सगळ्यांना घेऊन गेले. सांगितलं कुणालाच नाही, म्हटलं स्टेजवरूनच ऐकू देत. फेराइनमध्ये प्रत्येकाने काहीतरी करून न्यायची पद्धत असते, म्हणून मी सकाळपासून बटाटेवडे तळले होते. निळी पैठणी नेसले, आईची. थंडीत पैठणी नेसून, वर कोट चढवून, वड्यांचा डबा मांडीवर घेऊन एस-बानमध्ये बसले होते. माझं मलाच हसू येत होतं, इतकी मी खुशीत होते.

त्या गाण्याची वेळ आली. ती पुढे आली, टोपी काढली. माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला.

"आज मला एका बाईचे आभार मानायचे आहेत," ती म्हणाली. "तिच्याशिवाय आमचा एकही शनिवार पूर्ण होत नाही. आमची भारतीय मैत्रीण! तिच्या समोशांसाठी जोरात टाळ्या!"

टाळ्या कसल्या, हॉल दणाणला. लोक वळून वळून बघत होते, कुणी डबा उंच धरला. सासूबाईंना जर्मन येत नाही, त्यांनी विचारलं, "काय म्हणाली रे ती?" नवरा म्हणाला, "हिच्या वड्यांचं कौतुक करतेय." सासूबाई कृतार्थ झाल्या. "बघ, हाताची चव परदेशातसुद्धा ओळखतात हो." लेक टाळ्या वाजवत होती. आणि मी? मी उभी राहून हात जोडले. काय करणार होते? मग मुट्टीसाठी लिहिलेलं गाणं सुरू झालं.

वडे होते ते. समोसे नव्हते. तेवढं तरी धड सांगायचं.

नंतर कोट घालताना ती धावत आली. "ऐनवेळी ते नाव आठवेचना गं. चुकीचं घेतलं असतं तर तुला किती वाईट वाटलं असतं!" मी तिला म्हटलं, "रिकामा डबा दे माझा." त्या दिवसापासून मी तिला एक ओळ दिलेली नाही. तिचं अडलं नाही काही. 'तू ठेव आधी' अजून चालतंच आहे.

जानेवारीत आमच्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. भाड्याचा हॉल, पेपर प्लेटमधले तिळगूळ, सगळ्या काळ्या साड्यांत. सासूबाईंचा परतीचा दिवस जवळ आलेला, त्याही होत्या. उखाण्यांची फेरी सुरू झाली. निम्म्याहून जास्त बायका माझ्याकडून घेतलेलेच म्हणत होत्या, मला ओळखू येत होते एकेक. शेवटी गिल्ला झाला, "आता तुम्ही! तुम्ही तर एक्सपर्ट! नाव घ्या, नाव घ्या!"

मी उभी राहिले. तयारी काही नव्हती. तोंडातून आलं ते असं:

टोप्या घालून नाचतं माझ्या गाण्यावर सारं गाव,
पाळण्यात आईने ठेवलेलं, घेते माझंच नाव.

आणि घेतलं. पूर्ण, 'ळ'सकट, मोठ्याने. फिजिओने 'ल' लावून घोकलं तेवढं सोडलं, तर आई गेल्यापासून ते कुणाच्याही तोंडून मी ऐकलं नव्हतं. माझाच आवाज मला परका वाटला.

कुणी टाळी वाजवली नाही. एकमेकींकडे बघत राहिल्या सगळ्या. कुणीतरी कुजबुजलं, "ही कोण?" एका सासूबाईंनाच ठाऊक होतं ते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या तिळगुळाच्या प्लेटकडे. शेवटी हसून म्हणाल्या, "अगं, नाव राहिलं घ्यायचं."

"नाही आई," मी म्हटलं, "राहिलेलंच घेतलं."

मग कुणीतरी घाईघाईने दुसरीला उभं केलं आणि फेरी पुढे सरकली. परतताना गाडीत सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

हे लिहायला बसले ते मात्र त्यानंतर आलेल्या एका फोनमुळे. रविवारी सकाळीच आला. मंडळात नवीनच आलेली मुलगी, नवरा सॉफ्टवेअरमध्ये, गोड बोलणारी. "ताई, तुमचा तो त्या दिवशीचा उखाणा! माझ्या डोक्यातून जातच नाहीये. पुढच्या महिन्यात नणंदेचं लग्न आहे, तिकडे घेऊ का मी तो? फक्त शेवटी ते जे नाव होतं ना, ते काढून आमच्या ह्यांचं टाकते. आणि ते आईने ठेवलेलं वगैरे बदलून द्याल का तेवढं? तुम्हाला काय, तुम्ही असे छप्पन कराल!"

मी फोन कानापासून दूर धरला. "हॅलो? ताई? आहात ना?"

आमच्या घरची शिस्त अशी की समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही.

मी ठेवला.